सातशेच्या आतली जीभ

मुंबईत घर भाड्याने द्यायच्या आधी मालक काय काय विचारतात, याचा मला दांडगा अनुभव आहे. लग्न झालंय का, मासे शिजवणार का, गावाहून पाहुणे किती येतात. एका मालकाने तर मला त्याच्या दिवाणावर आडवं करून घोरून दाखवायला लावलं होतं. पण कांदिवलीत तिसऱ्या मजल्यावर मी जी परीक्षा दिली, तिच्यापुढे ती घोरण्याची म्हणजे बालवाडी.

मालक साठीचे. लुंगी, बनियन आणि नाक. नाक असं, की दार उघडलं की आधी ते बाहेर यायचं आणि मग सावकाश मागून माणूस. त्यांनी मला आणि माझ्या एजंटला बसवलं, आत गेले आणि ट्रेमध्ये चार काचेचे ग्लास घेऊन आले. दोघांपुढे दोन-दोन. प्रत्येकात दोन घोट लालभडक काहीतरी. सकाळचे साडेअकरा वाजले होते.

"प्या. आणि यातली बरी कुठली ते सांगा."

एजंटने दोन्ही ग्लास एका दमात उलटे केले. "काका, डावीवाली एकदम झकास! उजवी पण वाईट नाय, पण डावी म्हणजे काय... फॉरेन माल कळतो ना आपल्याला."

माझी पाळी आली. खोली हवीच होती. मी दोनदा चाटून पाहिलं. "काका, खरं सांगू? मला दोन्ही सारख्याच लागतात. मला यातलं काही कळत नाही."

"दोन्ही एकाच बाटलीतल्या आहेत," काका म्हणाले. मग एजंटकडे वळून, "तू नीघ." आणि मला, "सामान कधी आणतोस?"

त्यांच्या घराला लागून असलेल्या त्या खोलीत मी पुढे सहा वर्षं राहिलो. मी गोष्टी वाढवून सांगतो असं माझी माणसं म्हणतात, त्यात तथ्य आहे. पण काकांच्या बाबतीत मला उलट कमी करून सांगावं लागतं, नाहीतर कुणी विश्वासच ठेवत नाही.

काकांनी आयुष्यभर एका प्रयोगशाळेत पिण्याचं पाणी तपासलं. यंत्रं होती, पण यंत्रांवर शेवटची सही काकांच्या जिभेची. कांजूरमार्गला कुठे पाइप झिरपला, तर कांदिवलीत पहिल्या घोटाला त्यांची भुवई वर जायची. चहा तोंडात घेऊन ते सांगायचे, "दूध म्हशीचं आहे, आणि म्हैस आज नाराज आहे." मी खाली जाऊन दूधवाल्याला विचारलं. म्हशीला खरंच चार दिवस बरं नव्हतं. आता बोला.

असा माणूस निवृत्त झाला, आणि एका सहकाऱ्याने निरोपाची भेट म्हणून नाशिककडची लाल वाइनची बाटली दिली. तोवर काकांनी दारूला शिवलेलं नव्हतं. पण कोणताही द्रव समोर आला की तपासायचा, हा तीस वर्षांचा हात. त्यांनी बेसिनपाशी उभं राहून घोट घेतला, तोंडात घोळवला, डोळे मिटले आणि ऑफिसच्या सवयीने थुंकला. पांढऱ्याशुभ्र बेसिनमध्ये लालभडक पिचकारी! नेमक्या तेव्हा काकू टॉवेल घेऊन आल्या. त्यांची किंकाळी म्हणे बोरिवलीच्या प्लॅटफॉर्मवर ऐकू गेली. तळमजल्यावर दवाखाना असलेली डेंटिस्ट हातमोज्यांसकट तीन जिने धावत वर आली. तिने काकांचा जबडा उघडून आत बॅटरी मारली, वास घेतला, बेसिनच्या कडेवरची बाटली पाहिली आणि म्हणाली, "काका, ही थुंकलीत कशाला? चांगली आहे की!"

ती त्यांच्या मंडळाची पहिली सभासद. दुसरा गोरेगावच्या स्टुडिओत आवाज टिपणारा त्यांचा मित्र, ज्याला आम्ही साउंडवाला म्हणायचो. तिसरा मी, भाडेकरू असल्यामुळे आपोआप.

दर रविवारी दुपारी बारा वाजता सतरंजीवर बैठक. नियम कडक. बाटली सातशे रुपयांच्या आतली. काकांचं म्हणणं, "सातशेपर्यंत द्राक्षाचे पैसे असतात. त्याच्या वर गेलात की दुकानाच्या एसीचे." बाटली फुटबॉलच्या लांब मोज्यात घालून आणायची, म्हणजे नाव कळणार नाही. पहिला घोट मुकाट्याने. आणि अंगाला अत्तर नको. साउंडवाला एकदा काखेत काहीतरी फवारून आला, तर काकांनी त्याला दारातून सरळ मोरीत घातला आणि आंघोळीनंतर स्वतःच्या बनियनमध्ये बसवला. तो जाडा, काका काडी. दोन घोटांत बनियन टरकलं.

स्टीलच्या पेल्यात वाइन ओतलेली त्यांना खपायची नाही. "नवरीला रेनकोट घालून बोहल्यावर उभी करतोस काय रे?" पण साहेबी नियमही मानायचे नाहीत. लाल वाइन म्हणे खोलीतल्या तापमानाला प्यावी. "कुठल्या खोलीतल्या?" काका कडाडायचे. "लंडनच्या! कांदिवलीच्या खोलीत मे महिन्यात लोणच्याला उकळी फुटते. लालसुद्धा गार कर, मेल्या." तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, सुक्याबरोबर पांढरी, मटणाबरोबर लाल, तळलेल्या बोंबलाबरोबर जी असेल ती. सुकटीच्या चटणीपुढे मात्र कुठलीच वाइन उभी राहत नाही, तिथे ताक घ्यावं.

आणि वर्णनं! बाटलीच्या पाठीवर कुठल्या कुठल्या परदेशी फळांची नावं छापलेली असायची. काका ती वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "ही फळं तुमच्यापैकी कुणी खाल्ली आहेत? मग?" त्यांच्या वाइनला करवंदाचा चीक यायचा, कोवळ्या आवळ्याचा झटका यायचा, शहाळ्याच्या मलईचा गुळगुळीतपणा यायचा. एकीला त्यांनी "नव्या वहीत ठेवलेलं जांभूळ" म्हटलं. हसू आलं, पण घोट घेतल्यावर खरंच वही आली, जांभूळ आलं, मला तर शाळेची घंटासुद्धा ऐकू आली.

पण पिणं हा काकांचा खरा आनंद नव्हताच. दीड ग्लासावर ते कधी गेले नाहीत. त्यांचा खरा आनंद सांगण्यात. "ही घे." हे दोन शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा मुंडावळ्या बांधल्यासारखा दिसायचा. मुंबईतल्या वाइन शॉपमध्ये वाइन सोडून बाकी सगळं खपतं, वाइन आपली खालच्या फळीवर धूळ खात बसलेली. काका तिथे उभे राहायचे आणि कुणी त्या फळीकडे नुसता वाकला, की मागून नाक पुढे व्हायचं. "जेवायला काय आहे? पापलेट? मग ही घे." दुकानदाराने पहिल्या आठवड्यात त्यांना हाकलायचं ठरवलं. चौथ्या आठवड्यात त्याने फळ्यांवरची धूळ पुसली आणि काकांसाठी स्टूल मागवलं. लोकांनी काकांचं ऐकून लग्नाचे वाढदिवस केले, भांडणं मिटवली. एका जोडप्याने घटस्फोटाचे कागद फाडले असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे पुढे ढकलले.

आता साडू. काकूंच्या धाकट्या बहिणीचा नवरा, राहायला मुलुंडच्या एका टॉवरमध्ये, इतक्या वर की खाली पाऊस पडतो की नाही ते वॉचमनला फोन करून विचारावं लागे. दरवर्षी परदेशवारी, आणि आल्यावर आम्हाला वाइनवर प्रवचन. काका त्यांना साडूबुवा म्हणत, ते काकांना भाऊसाहेब. दोघांच्या तोंडून इतका आदर ऐकला की समजावं, आता ठिणगी पडणार.

ती एका बारशाला पडली. काका कुणाला तरी "ही घे" सांगत होते, आणि साडू मागून म्हणाले, "भाऊसाहेब, सातशेच्या आत वाइन नसते. द्राक्षाचं औषध असतं. एकदा माझी सात हजारांची आणि तुमची सातशेची समोरासमोर ठेवू. तुमची हरली, तर ही शिफारशींची दुकानदारी बंद. पुन्हा जन्मात कुणाला 'ही घे' म्हणायचं नाही."

काकांचं नाक लाल झालं. "आणि तुमची हरली तर?"

"तर वर्षभर तुमच्या सतरंजीवर मांडी घालून बसेन आणि तुम्ही सांगाल ती पिईन."

"दिला शब्द," काका म्हणाले. आम्ही मागून त्यांचा सदरा ओढत होतो. कारण या माणसाला साखर बंद करा, मीठ बंद करा, चालेल. सांगणं बंद केलं तर उरणार काय? नाक.

ठरलेल्या रविवारी साडू सकाळी नऊलाच आले. बाटली थर्माकोलच्या पेटीत, न्यूझीलंडची पांढरी. काकांची नाशिकची पांढरी. आता या गार करायच्या कुठे? काकूंचा कायदा होता, ज्या फ्रिजात नैवेद्याचं दूध राहतं त्यात बाटली शिरणार नाही. त्यामुळे काकांच्या बाटल्या नेहमी बाजारातल्या मासळीवाल्या मावशीच्या बर्फाच्या पेटीत जायच्या, पापलेटांच्या शेजारी. मावशी मढची कोळीण, आवाज असा की भाव सांगितला की गिऱ्हाईक आधी पैसे द्यायचं आणि मग दचकायचं. काका दोन्ही बाटल्या घेऊन निघाले, तेव्हा साडूंचा चेहरा मुलीची पाठवणी करणाऱ्या बापासारखा झाला होता.

मावशीलाही परीक्षक नेमलं होतं. विक्री आटोपून बारा वाजता ती जिना चढून आली. दोन्ही काखांत दोन बाटल्या, चेहरा अभिमानाने फुललेला. तिने त्या सतरंजीवर उभ्या केल्या.

बाटल्यांवर लेबलं नव्हती. एक कपटासुद्धा नाही. नुसती लखलखीत हिरवी काच.

"मावशी," काका कसेबसे म्हणाले, "हे काय केलंस?"

"अरे दादूस, बाटलींना मावऱ्याचा वास मारत होता. तुझे घरान पावनं. म्हनून काथ्यानं घासल्या. बघ कशा, सगली खवलं कारून दिली तुला!"

"ती खवलं नव्हती, लेबलं होती! कुठायत ती?"

"ती कागदं? गटारान गेली."

आता बघा. दोन्ही बाटल्या हिरव्या, दोन्ही एकाच उंचीच्या, दोन्हींना काळी फिरकीची झाकणं. जुळ्या बहिणी. कुठली सात हजारांची आणि कुठली सातशेची, हे सांगायला जगात कागद उरला नव्हता. काका डोकं धरून बसले. साडू मात्र हसले.

"हरकत नाही, भाऊसाहेब. सात हजार लपत नाहीत. एका घोटात माझी ओळखतो."

"ओळखा. उरेल ती माझी."

डेंटिस्टने बाटल्यांच्या गळ्यात एक आणि दोन अशा चिठ्ठ्या बांधल्या आणि ग्लास भरले. आधी आम्ही चौघा परीक्षकांनी घोट घेतले. डेंटिस्ट म्हणाली, दोन. साउंडवाल्याने ग्लास उगाच कानाला लावला आणि म्हणाला, दोन. मावशी म्हणाली, "दोन. एक बी बरी हाय, पन दोन गल्यान उतरल्यावर बी बोलते." मी एकला मत दिलं. माझ्या जिभेबद्दल मी कधीच खोटा दावा केलेला नाही. तीन विरुद्ध एक, दोन नंबर जिंकली.

मग साडू. त्यांनी ग्लास फिरवला, उजेडात धरला, नाक खुपसलं, डोळे मिटले. दोन्ही चाखल्या. पुन्हा पहिली चाखली. "एक नंबर," ते म्हणाले. "ही माझी. काय तो खनिजपणा! तोंडात न्यूझीलंडचा समुद्र येतो."

बोलून झाल्यावर त्यांना हिशोब कळला. एक त्यांची, म्हणजे जिंकलेली दोन काकांची. साडूंचा चेहरा पडला. आणि आमच्या खोलीत असा गलका झाला की वरच्या मजल्यावरून काठी आपटली गेली. साउंडवाल्याने काकांना उचललं. डेंटिस्ट नाचत होती. मी म्हणालो, "काका, सातशे जिंकले!"

"मला खाली ठेव रे," काका म्हणाले.

त्यांनी अजून स्वतः घोट घेतला नव्हता. ते दोन नंबरचा ग्लास घेऊन बसले. एक घोट. मग एकचा. मग पुन्हा दोनचा. स्वयंपाकघराच्या दारात काकू झारा हातात घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांची नजर फक्त नवऱ्याच्या गळ्याकडे होती.

"थांबा," काका म्हणाले. "दोन माझी नाही."

"काका, जिंकलात ना? मग गप्प बसा ना यार," साउंडवाला कुजबुजला.

"माझी एक नंबर. शेवटी पेरूच्या सालीचा तुरटपणा येतो तिला. दोनशेदा चाखलीय मी. स्वतःची बायको अंधारात ओळखणार नाही काय?"

"उजेडात चष्मा लागतो," काकू दारातून म्हणाल्या.

डेंटिस्टने शेवटचा प्रयत्न केला. "काकू, तुम्ही सांगा. काका उगाच तर म्हणत नसतील?"

"हे बाकी सगळ्याबाबत खोटं बोलतात," काकू शांतपणे म्हणाल्या, "पण जिभेबाबत नाही."

काका उठले आणि साडूंपुढे हात जोडले. "साडूबुवा, तुमची वाइन जिंकली. सात हजारांची आहे, पण चांगली आहे. मी हरलो."

आता कुणीही म्हणेल, साडूंनी उडी मारायला हवी होती. पण ते ताठ बसून राहिले. कारण जिंकलो म्हणायचं, तर आधी कबूल करायला हवं की मगाशी ज्या वाइनमध्ये त्यांना न्यूझीलंडचा समुद्र दिसला, ती सातशेची नाशिकची होती.

"काहीतरीच काय, भाऊसाहेब," ते म्हणाले. "एक माझीच. मी हरलो."

"अहो, तुम्ही जिंकलात!"

"मी हरलो म्हणतोय ना!"

"माझ्या घरात येऊन तुम्ही हरणार? शक्य नाही! मीच हरलो!"

बसमध्ये एका रिकाम्या सीटवरून 'तुम्ही बसा, तुम्ही बसा' करत दोघंही उभेच राहतात ना, तसं ते अर्धा तास हरत होते. शेवटी मावशी कंटाळली. "दोघं बी हरलाव, तर जिकला कोन? मीच ना?" म्हणत तिने उरलेली दोन नंबर काखेत मारली आणि जिना उतरली.

साडू मुलुंडला गेले आणि काकांनी शब्द पाळायला घेतला. स्टूल दुकानदाराला परत केलं. रविवारी बैठक भरायची, पण काका मूग गिळून. लोक विचारायचे, "काका, उद्या कोळंबी आहे, कुठली घेऊ?" काकांचं तोंड उघडायचं आणि पेटीच्या झाकणासारखं मिटायचं. आमचे हाल कुत्रा खाईना. डेंटिस्टने स्वतःच्या अकलेने एक बाटली आणली, ती तिच्या दवाखान्यातल्या गुळण्यांच्या औषधासारखी निघाली. घरात काकूंचा जीव नकोसा झाला. सांगण्याची सगळी वाफ त्यांच्यावर निघत होती. हळद कुठली घ्यावी, साबण कुठला, झाडूला काड्या किती असाव्यात. "यांना बोलू द्या रे त्या वाइनवर," त्या मला म्हणाल्या, "नाहीतर मी माहेरी जाते. आणि माहेर मुलुंडलाच आहे."

महिन्याभराने मी काकांबरोबर त्या दुकानासमोरून जात होतो. आत एक तरुण जोडपं खालच्या फळीशी वाकलं होतं. मुलीने एक बाटली उचलली. काका जागच्या जागी थबकले. नाक थरथरलं. मी त्यांचा दंड धरला, पण उपयोग झाला नाही.

"ती नको!" काका ओरडले.

मुलगी दचकली. तिने दुसरी उचलली.

"तीही नको. ती साखर घातल्यासारखी लागते."

तिसरी. "मुळीच नको." चौथी. "देवाशप्पथ नको." पाचवी उचलली, आणि काका गप्प झाले. मुलीने बाटलीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि पाकीट काढलं.

काका माझ्याकडे वळले. डोळ्यांत पाणी. "शब्द 'ही घे' न म्हणण्याचा होता ना रे?" ते हळूच म्हणाले. "'ही घेऊ नको' असा कुठे होता?"

त्या दिवसापासून धंदा पुन्हा जोरात. फक्त आता एका शिफारशीला पूर्वीच्या दहापट वेळ लागायचा, कारण एक सोडून सगळ्या बाटल्यांची निंदा करावी लागे. काकांना त्यात दहापट मजा येऊ लागली.

साडू 'मी हरलो' म्हणाले खरे, पण वर्षभर ना सतरंजीवर बसायला आले, ना त्यांनी वाइनवर अवाक्षर काढलं. आणि एक दिवस दुपारी त्यांचा फोन आला. काका फोन पापडासारखा आडवा धरून स्पीकरवर बोलतात, त्यामुळे मी, काकू आणि जिन्यावरचे चार लोक, सगळ्यांनी ऐकला.

"भाऊसाहेब, पोरीचा साखरपुडा आहे. अडीचशे माणसं. दुकानात उभा आहे. पांढऱ्या सहा दिसतायत. वाचू?"

काका सावरून बसले. "वाचा."

साडूंनी पहिली वाचली. "नको." दुसरी. "नको, डोकं चढेल व्याह्यांचं." तिसरी आणि चौथी नको. पाचवी साडूंनी फार प्रेमाने वाचली, किमतीसकट. "ती तर अजिबात नको."

मग साडूंनी सहावी वाचली. नाशिकची.

काका गप्प. ओठ घट्ट मिटलेले, गाल फुगलेले, कानशिलं लाल. काकूंनी पदर तोंडात कोंबला.

"हॅलो? भाऊसाहेब? आवाज येतोय ना?"

काका गप्प.

मग साडूंचा आवाज आला, आजूबाजूला कुणी ऐकू नये इतका बारीक.

"बरं. किती पेट्या लागतील?"

हा प्रश्न आकड्याचा होता, शिफारशीचा नव्हता. काकांनी मोठा श्वास सोडला.

"पाच पुरतील," ते म्हणाले. "पण साडूबुवा, सहा घ्या. लोक दुसऱ्यांदा मागतात."